चालू का ठेवलंत

ती पहिल्यांदा दातांच्या लॅबमध्ये आली तेव्हा तिथे काम करणाऱ्या मावशीने तिला दारातच अडवलं होतं.

"इथे दात बसवत नाहीत, नुसते करतात. बसवायला डॉक्टरकडे जा," प्लास्टरने कोपरापर्यंत भरलेले हात वर धरून मावशी म्हणाली.

"मला दात नकोत. मी विद्यापीठातून आलेय. संशोधन करते."

"कसलं?"

"लोक छोटे धंदे कसे चालवतात, त्याचं."

मावशीने मागे वळून आतल्या दोघा पुरुषांकडे पाहिलं. दोघेही मान खाली घालून आपापल्या टेबलाशी काम करत होते. "मग चुकलीस. इथे कुणी चालवत नाही. आपलं चाललंय," असं म्हणून मावशीने तिला आत घेतलं.

खोली लांबट होती, एका छापखान्याच्या मागच्या बाजूला. शहरातल्या दवाखान्यांतून दातांची मापं डब्यांत भरून तिथे यायची. कुणाचा तरी जबडा मऊ लगद्यात उमटवलेला असायचा. मावशी त्यात प्लास्टर ओतायची आणि थरथरणाऱ्या पत्र्यावर ठेवून हवेचे बुडबुडे काढायची. वाळलेल्या पांढऱ्या जबड्यावर धाकटा भागीदार आधी मेण आणि मग धातूची टोपी चढवायचा. थोरला भागीदार तिच्यावर बारीक ब्रशने पोर्सेलिनचे थर लावायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा लावायचा. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळला की काम झालं.

थोरल्याला सगळे भाऊजी म्हणत आणि धाकट्याला मेहुणे. ते होतेही तसेच. भाऊजींच्या बायकोचा हा धाकटा भाऊ. लॅब तिघांनी मिळून काढली होती. पण दवाखान्यांशी बोलणं, उशीर झाला की डॉक्टरांना गप्प करणं, डॉक्टरांकडून उशीर झाला की त्यांच्यावर तोंड टाकणं, हे सगळं भाऊजींच्या बायकोचं, म्हणजे ताईंचं, खातं होतं. दीड वर्षापूर्वी ताई थोड्या दिवसांच्या आजाराने गेल्या. त्या गेल्यानंतर फोन स्पीकरवर असायचा आणि जो जवळ असेल तो "हो, होईल" म्हणून बंद करायचा.

तिच्या अभ्यासाचा विषय असाच होता. धंदे बंद का पडतात यावर पुष्कळांनी लिहिलं होतं. बंद करावेत असं वाटत असताना लोक ते चालू का ठेवतात, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी ती काही छोट्या कारखान्यांत आणि दुकानांत महिनेच्या महिने जाऊन बसत होती. आधी नुसतं बघायचं. मग प्रत्येक भागीदाराची वेगळी मुलाखत. शेवटी दोघांची एकत्र. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळणार नाही, असं ती सुरुवातीलाच लिहून द्यायची.

तिच्या आईला यातलं काही पटत नसे. "दुसऱ्याच्या दुकानात बसून पदवी मिळते होय? मग आपल्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे बसणारे सगळे आतापर्यंत प्राध्यापक व्हायला हवे होते," असं ती म्हणे.

लॅबमध्ये बसण्यासाठी तिला भट्टीजवळचं स्टूल मिळालं. मेहुण्यांनी तिचं नाव 'मुलाखतबाई' ठेवलं. ते एवढंच बोलत. एरवी खोलीत यंत्रांचाच आवाज असे. मेहुण्यांचं काम झालं की ते उठून जबडा भाऊजींच्या कोपराशी ठेवत आणि टेबलावर बोटाने टकटक करत. भाऊजी मान हलवत. जेवायच्या वेळी दोघे एकाच बाकावर शेजारीशेजारी बसून समोरच्या भिंतीकडे बघत जेवत. भांडण होतं म्हणावं तर तेही नव्हतं. मेहुणे भाऊजींच्या डब्यात न विचारता अर्धी भाजी घालत आणि भाऊजी ती न बोलता संपवत.

"हे आधीपासून असेच?" तिने एकदा मावशीला विचारलं.

"आधी यांच्या वाटचं ताई बोलायची. आता ती नाही तर या दोघांना बोलता येत नाही, हे आत्ता कळलं सगळ्यांना. त्यांनाही."

मेहुण्यांची मुलाखत मागच्या पायऱ्यांवर झाली. तिने रेकॉर्डर मधल्या पायरीवर ठेवला. सुरुवातीला त्यांनी थट्टाच केली. "दातांच्या धंद्यात बधिर करायचं काम डॉक्टरांचं. आमच्याकडे आयतेच बधिर." मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला : हे पुढे चालू ठेवायचंय का?

त्यांनी पायरीवरचा मेणाचा डाग नखाने खरवडला.

"नाही."

ती थांबली. समोरचा माणूस बोलायचा थांबला की आपणही थांबायचं, हे तिला शिकवलेलं होतं.

"एक मोठी कंपनी आहे. तिथे दात स्क्रीनवर काढतात आणि मशीन कोरतं. त्यांनी मला दोनदा बोलावलंय. मला शिकायचंय ते. इथे बसून मेण वितळवून आयुष्य गेलं माझं."

"मग?"

"मग भाऊजींचं काय करू? ताई गेल्यापासून तो माणूस सकाळी उठतो तो लॅब उघडायची म्हणून. लॅब नसली तर कशाला उठेल? त्यांच्यासाठी चालवतोय मी. त्यांना सांगू नका हं."

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्याच आठवड्यात मेहुणे दवाखान्यांची फेरी करायला गेले असताना भाऊजींची मुलाखत झाली. ते ब्रश धुताधुता बोलत होते. एक दात नुकताच भट्टीतून निघून बशीत निवत होता.

"हा चांगला झालाय," ते म्हणाले. "पूर्वी असा दात निघाला की बरं वाटायचं. मी तिला हाक मारून दाखवायचो. आता चांगला झालाय हे नुसतं कळतं. वाईट झाला असता तर तेही कळलं असतं."

"पुढे चालू ठेवायचंय का?"

"मला? मला उद्या बंद करायला आवडेल. कुठे जायचं नाही, काही करायचं नाही. घरी नुसतं बसायचंय. ती गेल्यापासून मी एक दिवस बसलेलो नाही."

"मग चालू का ठेवलंत?"

"हा आहे ना," त्यांनी मेहुण्यांच्या टेबलाकडे ब्रश केला. "शाळा सोडून उंडारत होता तेव्हा तिने याला धरून आणून माझ्या हाताखाली घातला. याला दुसरं काय येतं? बाहेर कोण विचारणार? त्याच्यासाठी चालवतोय. त्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस. मन मोडेल त्याचं."

"नाही जाणार," ती म्हणाली.

बसने घरी जाताना दोन्ही मुलाखतींना कोणती खूण लावायची, याचाच ती विचार करत होती. कुणी काय बोललं त्याला एकेक शब्द चिकटवायची तिची पद्धत होती : सवय, अभिमान, भीती. इथे 'जबाबदारी' लावावं की 'त्याग'? उतरायचा थांबा आला आणि तिच्या लक्षात आलं की दोन माणसं एकमेकांना धरून बुडतायत, हे ऐकून आपल्याला काहीच झालेलं नाही. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. मागे एक लाकूडकाम करणारा माणूस कारखाना बंद केल्याचं सांगताना तिच्यासमोर ढसाढसा रडला होता, तेव्हा तिने आधी रेकॉर्डरचा दिवा लागलेला आहे ना, ते पाहिलं होतं.

गाईड मॅडमनी तिचं म्हणणं चहा थंड होईपर्यंत ऐकलं. त्या कोरड्या होत्या, पण वाईट नव्हत्या.

"सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "तू शब्द दिलायस. आज यांच्या भल्यासाठी मोडलास, तर उद्या दुसऱ्या कुणासमोर कोणत्या तोंडाने बसशील?"

"पण दोघांनाही बंदच करायचंय."

"तर मग परवानगी माग. तुम्ही बोललात ते त्यांना सांगू का, असं सरळ विचार. हो म्हणाले तर सांग."

तिने विचारलं. मेहुणे एकदम उभे राहिले. "अजिबात नाही. तुम्हाला काय, तुम्ही लिहून मोकळ्या. त्यांना कळलं तर मला हाकलून देतील नोकरीला, आणि स्वतः घरात मरतील." भाऊजींनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "बोललो ते चुकलंच माझं."

मग एकत्र मुलाखत झाली. ती ठरलेलीच होती. तिला वाटलं होतं, समोरासमोर बसले की काहीतरी सुटेल. दोघे त्याच बाकावर शेजारीशेजारी बसले.

"लॅब पुढे चालवायची तुमची इच्छा आहे?"

"म्हणजे काय?" मेहुणे म्हणाले. "आमचं सगळं इथेच."

"चालेल तोवर चालवायची," भाऊजी म्हणाले.

दोघे एकमेकांकडे बघून किंचित हसले. तिने शब्द न् शब्द उतरवून घेतला. मावशी पलीकडे प्लास्टर कालवत होती. तिने एकदा मुलाखतबाईकडे पाहिलं आणि पुन्हा भांड्यात डोकं घातलं.

त्यानंतर ती लॅबमध्ये कमी जाऊ लागली. बघण्यासारखं आता नवीन काही नव्हतं, असं तिने अहवालात लिहिलं. खरं म्हणजे त्या स्टुलावर बसणं तिला जड जाऊ लागलं होतं. दोघे आपापल्या टेबलाशी वाकलेले असत आणि मध्ये ती बसलेली असे, दोघांचंही सगळं माहीत असलेली, भट्टीसारखी गरम नाही आणि भिंतीसारखी गारही नाही.

पावसाळा संपता संपता भट्टी बिघडली. दात वरून भाजले जायचे आणि आतून कच्चे राहायचे. दुरुस्तीवाल्याने तीनतीनदा उघडून शेवटी हात टेकले. नवी भट्टी घ्यायची तर विक्रेता म्हणाला, आता नुसती भट्टी घेण्यात अर्थ नाही. सोबत कोरायचं मशीन घ्या, स्क्रीन घ्या, सगळंच नवीन करा. ते घ्यायचं म्हणजे भाऊजींचं राहतं घर तारण ठेवायला लागणार होतं आणि पुढची कितीतरी वर्षं दोघांना या खोलीतून हलता येणार नव्हतं.

सही करायच्या दिवशी मेहुण्यांनीच तिला फोन करून बोलावलं. "या, तुमच्या अभ्यासात येईल. धंदा वाढतोय आमचा." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता आणि दुःखही नव्हतं.

विक्रेत्याने भाऊजींच्या टेबलावर रंगीत चित्रं पसरली होती. त्याचा शर्ट कडक इस्त्रीचा होता आणि तो प्लास्टरपासून जपून उभा होता.

"घेऊ या ना, भाऊजी?" मेहुणे म्हणाले.

"तुला हवं असेल तर घेऊ."

"मला काय, तुमचं बघा. तुम्हाला बरं पडेल."

"मला चालेल."

"मग घेऊ."

"घेऊ," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ती स्टुलावरून उठली. आपण उठतोय हे तिला उठल्यावर कळलं. "भाऊजी, थांबा. मला एक विचारायचंय. हे माझ्या अभ्यासातलं नाही."

विक्रेत्याने घड्याळ पाहिलं. भाऊजींनी पेन तसंच धरलं.

"मेहुणे नसते, तुम्ही एकटे असता, तर घेतलं असतं हे मशीन?"

तिने कुणाचं काही सांगितलं नव्हतं. नुसता प्रश्न विचारला होता. मावशीने थरथरणारा पत्रा बंद केला. इतक्या महिन्यांत ती खोली तिने कधी इतकी शांत ऐकली नव्हती.

भाऊजींनी चित्रातल्या पांढऱ्या मशीनकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

मेहुण्यांनी झटकन वर पाहिलं. "नाही म्हणजे?"

"म्हणजे नसतं घेतलं. ती गेली तेव्हाच कुलूप लावलं असतं."

"मग आत्ता का घेताय?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" मेहुण्यांचा आवाज चिरकला. "अहो, मी तुमच्यासाठी थांबलोय इथे! मला दोनदा नोकरी आली. दोनदा नाही म्हणून आलो मी!"

"का?"

"का म्हणजे काय, भाऊजी!"

विक्रेता म्हणाला की आपण नंतर येतो, आणि चित्रं गोळा करून तो निघून गेला. कुणी कुणाला मिठी मारली नाही, कुणी रडलं नाही. भाऊजींनी पेनाला टोपण लावलं. मेहुणे पायऱ्यांवर जाऊन बसले. थोड्या वेळाने भाऊजी उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तिथेही दोघे समोरच्या भिंतीकडेच बघत होते.

ती निघाली तेव्हा मावशीने तिला दाराशी गाठलं.

"माझं काय, ते विचारलंस का कुणाला?"

तिने मावशीकडे पाहिलं. एवढे दिवस मावशी तिच्या समोर होती, पण ती भागीदार नव्हती, म्हणून तिची मुलाखत ठरलेली नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"नाहीच विचारणार. हरकत नाही. बंद व्हायलाच हवी होती ही लॅब, मलाही कळत होतं. पण आता खरंच बंद होणार, हे मला जरा आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." आणि मावशी हात धुवायला निघून गेली.

हातातली कामं संपवून लॅब बंद झाली. मेहुणे कंपनीत गेले. ज्या जागेसाठी त्यांना बोलावलं होतं ती तोवर भरली होती, म्हणून त्यांना एका पोरसवद्या साहेबाच्या हाताखाली बसावं लागलं. स्क्रीनवरचा दात त्यांना सुरुवातीला बटाट्यासारखा दिसे. मावशीला त्यांनी एका दवाखान्यात हत्यारं धुवायचं काम मिळवून दिलं. तिथे उभं राहून राहून तिचे पाय सुजत, पण डॉक्टरीणबाई प्रेमळ होत्या, असं ती म्हणे. भाऊजी घरी बसले.

गाईड मॅडमनी त्या प्रकरणावर पेन्सिलने एक तिरकी रेघ मारली. "तू शब्द मोडला नाहीस, हे मान्य. पण तू बघणारी राहिली नाहीस. लॅब का बंद पडली, याच्या उत्तरात आता तू आहेस. हे निष्कर्षात घेता येणार नाही."

"मग टाकून देऊ?"

"टाकू नको. पद्धतीच्या प्रकरणात लिही. जसं झालं तसं."

तिने लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच पानावर बोट ठेवलं. पुन्हा तसाच प्रसंग आला तर विचाराल का, असं त्यांनी विचारलं. तिने माहीत नाही म्हणून सांगितलं. परीक्षकांनी पान उलटलं. तिला पदवी मिळाली. आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे द्यायचं मनात आणलं होतं, पण मुलीचा चेहरा बघून ती म्हणाली, "काय गं, पास झालीस ना? की नापास झाल्यावरही असंच तोंड असतं?" मुलगी हसली. पण आत काही हललं नाही.

भाऊजींकडे ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी गेली. आपण का जातोय हे तिने स्वतःला नीट सांगितलं नव्हतं. दार मेहुण्यांनी उघडलं. त्यांच्या हातात पिठाचा चमचा होता. "या, मुलाखतबाई. मी सुटीच्या दिवशी येऊन यांचं जेवण करून ठेवतो. आत आहेत बघा."

भाऊजी खिडकीशी बसले होते. हात मांडीवर होते आणि नखांतलं प्लास्टर गेलेलं होतं. ते आधीपेक्षा बारीक दिसत होते.

"कसे आहात?"

"बसलोय. बसायचं होतं ना, बसलोय." खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "लॅब बंद केली तेव्हा वाटलं, आता काहीतरी होईल. मोकळं वाटेल, नाहीतर रडू येईल. काहीच झालं नाही गं. सकाळ होते, मग दुपार होते."

"मी विचारायला नको होतं का त्या दिवशी?"

"तसं नाही. विचारलंस ते बरं झालं, असंही म्हणवत नाही मला. तो तरी सुटला." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. तिथून फोडणी जळल्याचा वास येत होता. "तू काहीतरी विचार. तू विचारलंस की मला बोलता येतं. एरवी दिवसभर तोंड उघडत नाही."

तिने सवयीने पिशवीत हात घातला. रेकॉर्डर आणलेला नव्हता. विचारायला काही ठरवलेलंही नव्हतं. तिने इतके महिने त्या खोलीत काढले होते, भागीदारी, निर्णय, पुढचे बेत, सगळं विचारलं होतं, आणि एक साधी गोष्ट तिच्या यादीत कधी आलीच नव्हती.

"ताई कशा होत्या?" तिने विचारलं.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं.

"भांडकुदळ," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातला चमच्याचा आवाज थांबला.

"म्हणजे उगाच नाही भांडायची. पण भांडण दिसलं की तिला राहवायचं नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला आधी बागेत भेटलो. तर तिथे एका माळ्याशी तिचं—"

"बागेत नाही," मेहुणे दारात येऊन म्हणाले. "स्टँडवर. बसच्या कंडक्टरशी भांडली होती ती. मी होतो बरोबर, मला पाठवलं होतं तुमच्यावर नजर ठेवायला."

"तू कुठे होतास? तू लहान होतास."

"लहान होतो म्हणूनच पाठवलं. कंडक्टरच होता. त्याने सुटे परत दिले नव्हते."

"माळी होता. त्याने आम्हाला हिरवळीवरून उठवलं."

"ते नंतर, भाऊजी! ते लग्नानंतर!"

"तुला काय माहीत लग्नानंतरचं?" भाऊजी जरा पुढे सरकले. "बरं, कंडक्टर तर कंडक्टर. साडी कोणती होती ते सांग."

मेहुण्यांनी चमचा तसाच धरून डोळे मिटले. "हिरवी."

"निळी," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज थोडा घोगरा झाला होता. "निळी होती. रंगाचं मला सांगू नकोस."

तिने खुर्ची जवळ ओढली आणि ऐकत बसली. फोडणी पार जळून गेली तरी कुणी उठलं नाही.